घोटाघोटाने कार्लोवी व्हारी

“त्यांना वहिनींच्या खोलीत एकटं सोडू नका हं भाऊजी, त्या बाई तोंडावर सांगतात,” असं समोरच्या फ्लॅटमधल्या काकू हळू आवाजात म्हणाल्या. मी पॅसेजमध्ये पाण्याची बाटली घेऊन उभी होते. बाबा स्वयंपाकघरात चहा गाळत होते. चहा गाळून झाला होता, तरी ते गाळणी कपावर धरून होते.

“काय सांगतात?”

“जे असेल ते. मी लिफ्टमध्ये सहज म्हटलं, गुडघा फार दुखतो हो. तर म्हणतात, गुडघ्याला काही झालेलं नाही, त्याच्यावर जे ठेवलंय ते कमी करा. नर्सने असं बोलायचं असतं का?”

बाबा हसले नाहीत. काकूंनाही ते विनोद म्हणून सांगायचं नव्हतं. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या बाई तेव्हा आतल्या खोलीत आईच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होत्या, आणि आमच्या फ्लॅटच्या भिंती अशा होत्या, की आतलं बाहेर आणि बाहेरचं आत सहज जायचं. त्यांनी ऐकलं असणार. बाहेर आल्यावर त्या काकूंकडे बघून एवढंच म्हणाल्या, “जिने चढू नका. सपाटीवर चाला.”

आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. शारजातल्या अल मजाज भागातल्या आमच्या इमारतीत सगळेच म्हणायचे. आमच्याच मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला एका मल्याळी कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये त्यांनी एक खोली घेतली होती. मूळच्या दापोलीजवळच्या एका गावच्या, मुंबईत नर्सिंग शिकलेल्या, आणि माझा जन्म व्हायच्या आधीपासून गल्फमध्ये. करड्या रंगाचा पायघोळ अबाया, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि छातीवर पिनेने उलटं लावलेलं घड्याळ. सकाळी एका क्लिनिकमध्ये इंजेक्शनं आणि ड्रेसिंग करायच्या. दुपारनंतर ज्यांना गरज असेल त्यांच्या घरी जायच्या. गरज असलेले पुष्कळ होते, पण बोलावणारे कमी.

याचं कारण काकूंनी सांगितलं तेच. सिस्टर कोणालाही धीर द्यायच्या नाहीत. ‘होईल हो सगळं ठीक’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. शारजात तर प्रत्येक गोष्टीला उत्तर एकच, इन्शाल्ला. एसीवाला उद्या येईल का, इन्शाल्ला. लिफ्ट चालू होईल का, इन्शाल्ला. माझ्या वर्गातल्या मुली होमवर्कबद्दलसुद्धा म्हणायच्या. सिस्टर पाच वेळा नमाज पढणाऱ्या, पण हा शब्द त्या फार क्वचित वापरायच्या. एकदा वॉचमनने विचारलं, “सिस्टर, ये खाँसी ठीक हो जाएगी ना? इन्शाल्ला बोलो ना.” तो पेशावरकडचा, उंच माणूस, हिवाळाभर खोकत होता. सिस्टर म्हणाल्या, “अल्ला का नाम मैं खाँसी छुपाने के लिए नहीं लूँगी. कल एक्स-रे निकालो.” त्याने नाही काढला. नंतर काढला तेव्हा त्यात टीबी निघाला, त्याचा व्हिसाच रद्द झाला आणि त्याला परत पाठवलं. तर इमारतीतले लोक म्हणायला लागले, त्या बाईच्या तोंडात काहीतरी आहे.

तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरी आई-बाबा मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. खरं तर उत्तर म्हणण्यासारखं काही नसायचं. ओके, फाइन, लेटर. कोणी जास्त विचारलं तर नथिंग. सिस्टरनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघत आईला विचारलं होतं, “ही बोलत नाही, की हिला कोणी विचारत नाही?”

आई म्हणाली, “लहानपणापासून अशीच आहे. सगळं बघत असते.”

“मग दमत असेल,” सिस्टर म्हणाल्या.

आईच्या पोटातली गाठ काढली होती. पुढच्या औषधांनी तिचे केस गेले, तेव्हाही ती बरीच धीराची होती, कारण तिला सांगितलं होतं, की गाठ पूर्ण निघाली आहे आणि ही औषधं केवळ खबरदारी म्हणून आहेत. पहिल्या स्कॅननंतर ते खरंही होतं. दुसऱ्या स्कॅननंतर खरं राहिलं नाही. तेव्हा आई वजनकाट्याच्या खोलीत होती आणि डॉक्टरांनी मला आणि बाबांना समोर बसवून सांगितलं, की लिव्हरमध्ये गेलं आहे, औषध लागू पडत नाही. बाबांनी विचारलं, किती. डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर येऊन बाबांनी आईला सांगितलं, “डॉक्टर खूश आहेत.” मग गाडीत बसल्यावर त्यांनी रेडिओ लावला. मी मागच्या सीटवर होते. आरशात बाबांचे डोळे दिसत होते आणि त्यांना माझे. तिथेच काय ते ठरलं. मला कोणी काही विचारलं नाही आणि मीही काही म्हटलं नाही.

आमच्या लोकांत हे असंच करतात. पेशंटला सांगायचं नाही, नाहीतर तो हात-पाय गाळतो. काकूंच्या सासऱ्यांना सांगितलं नव्हतं. बाबांच्या स्वतःच्या वडिलांना सांगितलं नव्हतं. बाबा क्रूर नव्हते. ते आईच्या उशाशी बसून तिचे पाय चेपायचे आणि ऑफिसातल्या गमती सांगायचे. त्यांच्या परीने ते तिला एका चांगल्या जागी ठेवत होते.

सिस्टरना घरी बोलावायचं ठरलं तेव्हा बाबांनी त्यांना दारातच गाठलं. “सिस्टर, एक रिक्वेस्ट आहे.”

“माहीत आहे. सगळ्यांची तीच असते.” त्यांनी बूट काढले, नीट जोडून ठेवले. “मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. चालत असेल तर उद्यापासून येते.”

“ती नाही विचारणार,” बाबा म्हणाले.

“मग प्रश्नच नाही.”

सिस्टर इंजेक्शनासाठी यायच्या, पण आई त्यांची वाट बघायची ती फिरायला जाण्यासाठी. नोव्हेंबरपासून शारजात संध्याकाळी बाहेर पडता येतं. सिस्टर आईला खालिद लगूनच्या, म्हणजे शहरातल्या खाडीच्या, कडेने चालवायच्या, आणि ते चालणं म्हणजे आमच्या भागातला एक तमाशाच होता. त्यांच्या हातात पोर्सेलिनचा एक चपटा पेला असायचा. त्याचा कान पोकळ. त्या कानाच्या टोकातूनच पाणी ओढून प्यायचं. दुसरा तसाच पेला त्यांनी आईला दिला. थर्मासमध्ये गरम पाणी, त्यात चिमूट मीठ आणि किंचित सोडा. दोन बायका, एक अबायात आणि एक डोक्याला स्कार्फ बांधून पंजाबी ड्रेसमध्ये, मुंगीच्या गतीने चालताहेत आणि पेल्याचा कान चोखताहेत. मागे मी, शाल आणि घडीचं स्टूल घेऊन. जॉगिंग करणारे लोक वळून बघायचे. मी चपलांकडे बघत चालायचे.

“घाई नाही,” सिस्टर म्हणायच्या. “बसून प्यायचं नाही, उभं राहून प्यायचं नाही. चालत, घोट घोट. आता आपण नदीच्या काठाने चाललोय. नदी लहानशी आहे, ओढाच म्हणा. समोर खांबांची पडवी. आमच्या गावच्या शाळेला होती तशीच, पण दगडी, आणि संपता संपत नाही.”

ते गाव होतं कार्लोवी व्हारी, चेक देशातलं. जमिनीतून उकळतं पाणी येतं तिथे. कित्येक शतकं दुखणाईत लोक तिथे जाऊन पाणी पितात, आणि ते असंच प्यायचं असतं, कानाचा पेला घेऊन, गावातून हळूहळू फिरत, या झऱ्याकडून त्या झऱ्याकडे. सांधे दुखणारे, पोट बिघडलेले, श्रीमंत, म्हातारे. गल्फमधली बरीच कुटुंबं उन्हाळ्यात तिथे जातात. सिस्टर एका मोठ्या अरबी घरात म्हातारीची देखभाल करायच्या. त्या म्हातारीला घेऊन त्या दर उन्हाळ्यात तिथे जात, महिना महिना राहत. म्हणून गाव त्यांना पाठ होतं.

लगूनच्या काठाची प्रत्येक जागा त्यांनी त्या गावातल्या एकेका जागेला देऊन टाकली होती. खजुराच्या झाडांची रांग म्हणजे खांबांची पडवी. मधलं कारंजं म्हणजे तो मोठा झरा, जो फसफसत उंच उडतो आणि ज्याच्या वाफेने चष्मा धुरकट होतो. बोटीच्या धक्क्याजवळचा चढ म्हणजे चर्चच्या पायऱ्या. “इथे धाप लागते. लागू द्या. इथे सगळ्यांनाच लागते, रशियन जनरललासुद्धा लागायची.” वळणाच्या बाबतीत त्या कडक होत्या. एकदा आई गप्पांच्या नादात सरळ गेली, तर सिस्टरनी तिचा हात धरून मागे आणलं. “तिकडे पोस्ट ऑफिस आहे. आपल्याला पोस्टात काही काम नाही.”

आई हसली. त्या महिन्यांत आई जी काही हसली ती बहुतेक तिथेच.

“पाण्याची चव कशी असते हो?”

“गंजलेले खिळे मीठ घालून उकळावेत तशी.”

“मग लोक पितात कसं?”

“आजारी माणूस काहीही पितो.”

त्या गावात जुन्या घरांना नंबरांऐवजी चित्रं असतात, असं सिस्टरनी सांगितलं. कुठे हरीण, कुठे चांदणी. त्या दिवसापासून आईने आमच्या भागातल्या टॉवर्सना चित्रं द्यायला सुरुवात केली. गळक्या एसीचा टॉवर, वाळत घातलेल्या चादरीचा टॉवर, आणि काकूंचा गुडघा, म्हणजे आमचा. सिस्टर ही नावं गंभीरपणे वापरायच्या. “चादरीपर्यंत जाऊ आणि परत फिरू,” म्हणायच्या. कागदाची फुलं त्या झऱ्याखाली ठेवली, तर काही दिवसांत त्यांचा दगड होतो, लोक ती हौसेने विकत घेतात, हेही त्यांनीच सांगितलं. आईला ते फार आवडलं. सिस्टरना आवडत नव्हतं. “फूल खोटं, दगडही खोटाच,” त्या म्हणाल्या आणि पुढे चालायला लागल्या.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ‘तुम्ही गेलात की बघाल’ किंवा ‘आपण जाऊ तेव्हा’ असं काही त्या कधीच म्हणाल्या नाहीत. नेहमी आत्ता. आता आपण पुलावर आहोत, आता वास येतोय, आता डावीकडे. त्या गावाबद्दल त्या तासन्‌तास बोलायच्या, पण त्यात उद्या नसायचा.

काकूंकडे सिस्टरची एक वेगळी माहिती होती. त्यांचं म्हणणं, त्या अरबाच्या घरातून सिस्टरना हाकलून दिलं होतं. काहीतरी भानगड झाली होती, म्हातारी दगावली होती. “आणि ही अशी बाई तुमच्याकडे सुया टोचते,” काकू मला लिफ्टमध्ये म्हणाल्या. मी म्हटलं, “ओके, आंटी.”

भानगड काय ते मला सिस्टरनीच सांगितलं. आईला सलाइन लावलं होतं आणि आम्ही दोघी हॉस्पिटलच्या डे-केअरच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. मी विचारलं नव्हतं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होत्या, मला सांगताहेत की आठवताहेत ते कळत नव्हतं.

घरात सगळे त्या म्हातारीला यद्दो म्हणायचे, म्हणजे आजी. एका उन्हाळ्यात त्या दोघी गावात असताना यद्दोचा मोठा मुलगा फुजैराच्या रस्त्यावर अपघातात गेला. घरून हॉटेलवर फोन आला, तो सिस्टरनी घेतला. घरच्यांनी सांगितलं, तिला कळू देऊ नका, तिचा उपचार पुरा होऊ दे, इथे येऊन तरी ती काय करणार. सिस्टरनी ऐकलं. नोकरी होती, आणि त्यांना ते बरोबरही वाटलं.

“रोज संध्याकाळी विचारायची, आज त्याचा फोन आला का. मी म्हणायची, आला होता, तुम्ही झोपला होतात. तिला झोपेचा राग यायला लागला. दुपारची झोपेना.” सिस्टरनी छातीवरचं घड्याळ सरळ केलं. “मग एक दिवस म्हणाली, त्याच्यासाठी शर्ट घेऊ. तिथे नदीकाठी दुकानं आहेत. मऊ कापड, पांढरे, निळे. तिला गळ्याचं माप आठवेना. मला विचारलं. मला माहीत होतं, त्याचे कपडे इस्त्रीला जाताना मी बघायची. मी सांगितलं. दुकानदाराने टेप लावला, मी म्हटलं, थोडा सैल द्या, बटण लावताना त्यांना गळ्याशी आवळलेलं आवडत नाही. असं मी बोलले. तोवर त्याला दफन करून आठवडा झाला होता.”

त्यांनी एकदा डे-केअरच्या दाराकडे बघितलं.

“घरी आलो. दारात बायका बसल्या होत्या, तिने बघितलं आणि तिला कळलं. रडली नाही. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, तू मला माप सांगितलंस. मरेपर्यंत तिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मी त्याच घरात होते, पण ती दुसऱ्या बाईकडून पाणी मागवायची. फार जगली नाही. मला कोणी काढलं नाही, पोरी. मीच निघाले. पण लोकांना काढलं म्हणायला बरं वाटतं, तर म्हणू दे.”

मग नर्सने आत बोलावलं आणि त्या उठून सलाइन बघायला गेल्या.

त्या जे सांगत होत्या त्यात माझ्यासाठी काही होतं का, हे मी बरेच दिवस ठरवू शकले नाही. त्या उपदेश करणाऱ्या नव्हत्या. पण त्यानंतर घरात बाबा आईशी बोलताना ऐकलं, की मला ते दुकान दिसायचं.

आणि बाबा जास्त जास्त बोलायला लागले होते. आईला त्या गावाचं वेड लागलेलं बघून त्यांना वाटलं, हिला एक आशा मिळाली आहे, तिला खतपाणी घालावं. एक दिवस ते ट्रॅव्हल एजंटकडून माहितीपत्रकं घेऊन आले. “जूनमध्ये जाऊ. आपण तिघं. सिस्टरनाही घेऊ. इतकं फुकट फिरवलं त्यांनी तुला, आता खरं दाखवू दे.” आईने ते कागद उशीखाली ठेवले. बाबा दर माणशी खर्च दिरहममध्ये सांगायचे, मग रुपयांत सांगायचे, मग म्हणायचे, “पैशाचं काय, पैसे कशाला मिळवतो माणूस?”

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेतलं. मी रिपोर्ट धरून मागेच होते. ते म्हणाले, “घरी न्यायचं असेल तर आत्ता न्या. आत्ता मी विमानासाठी फिट टू फ्लाय लिहून देऊ शकतो. आणखी महिन्याने नाही देणार.”

बाबा म्हणाले, “थँक यू, डॉक्टर.” झालं. घरी आल्यावर त्यांनी जूनची तारीख पक्की करण्याबद्दल बोलणं काढलं.

घर म्हणजे सांगली. तिथे माझी मावशी होती, आईची धाकटी बहीण. आईची तिच्याशी आठ-नऊ वर्षं अढी होती. कारण इतकं साधं होतं, की आता सांगायलाही नको. दोघींमध्ये पत्रं नव्हती, दिवाळीला एक फोन, तोही बाबा लावून द्यायचे. आजारपणात आईला तिच्याकडे जायचं होतं. ती हे रोज वेगवेगळ्या तऱ्हेने बोलायची. पण अशी जायची तिची तयारी नव्हती. “अशा बोडक्या डोक्याने तिच्या दारात जाऊ? तिला वाटेल, मरायला टेकली म्हणून आली. केस येऊ देत, अंगावर मांस चढू दे. दिवाळीला जाईन. चांगली साडी नेसून जाईन, आणि तिच्या हातचं खाईन.”

बाबा म्हणायचे, “दिवाळीला तर जायचंच.”

सिस्टर ऐकायच्या. त्या वेळी थर्मासचं झाकण घट्ट करायचं काम काढायच्या.

आई विचारत नव्हती, हे बाबांचं म्हणणं खरं होतं. ‘मी बरी होईन का,’ असं तिने कोणालाही विचारलं नाही, सिस्टरना तर नाहीच. इमारतीतल्या सगळ्यांना माहीत होतं, की या बाईला विचारलं तर उत्तर मिळतं. आईलाही माहीत होतं. मला आजही नक्की सांगता येत नाही, की ती फसली होती, की बाबांसाठी स्वतःला फसवून घेत होती.

पुढे सांगलीला, आईच्या तेराव्यानंतर, मावशी मला भांडी पुसता पुसता म्हणाली, “ती सिस्टर कोण गं तुमची? ताई पडल्या पडल्या मला कुठल्याशा गावातून फिरवायची. आता नदी आली, आता पूल आला. मी वळले नाही तर रागवायची.” मावशीचे डोळे सुजलेले होते, पण हे सांगताना ती थोडी हसली. “चढ आला की म्हणायची, लागू दे धाप. आणि खरंच थांबायची.” मी मावशीला सिस्टरबद्दल सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पांढरे बूट सांगितले, घड्याळ सांगितलं. आम्ही शारजात परतलो तोवर सिस्टरनी ती खोली सोडली होती. मल्याळी बाई म्हणाली, अजमानला गेल्या. काकू म्हणाल्या, बरं झालं.

पण त्याआधी, मार्चच्या शेवटी, आई आणि सिस्टरचं लगूनवरचं फिरणं थांबलं, ते असं.

संध्याकाळी गरम व्हायला लागलं होतं. लगूनच्या मागच्या रस्त्यावर एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात थंडीच्या कपड्यांचा सेल लागला होता, शारजात थंडीच्या कपड्यांचा असतो तसा, अर्ध्याहून कमी किमतीत. आई चादरीच्या टॉवरपाशी थांबून म्हणाली, “आज गावात नको. आज दुकानात जाऊ. जूनमध्ये तिकडे गारवा असतो, तुम्हीच म्हणालात ना, सिस्टर?”

“असतो,” सिस्टर म्हणाल्या. “सकाळ-संध्याकाळ.”

दुकानात एसी जोरात होता. आईला तेवढं चालूनही घाम आला होता. ती हँगर सरकवत होती, प्रत्येक कोटाची बाही चिमटीत धरून बघत होती. गेल्या महिन्यात ती खूप बारीक झाली होती, फक्त पोट पुढे आलं होतं. पोटात पाणी झालं होतं. आम्ही तिला गॅस म्हणून सांगितलं होतं. शेवटी तिने एक गडद लाल कोट काढला, मोठ्या बटणांचा. आरशासमोर अंगाला लावून बघितला. खांदे लोंबत होते.

“हा मीडियम आहे,” आई म्हणाली. “आत्ता मोठा होतोय. पण जूनपर्यंत अंग भरेल. की लार्जच घेऊन ठेवू? सिस्टर, तुम्हाला अंदाज असतो. कुठला घेऊ?”

सिस्टर तिच्या मागे उभ्या होत्या. आरशात आम्ही तिघी दिसत होतो. सिस्टरचा एक हात वर आला, जणू त्या कोटाचा खांदा नीट करणार होत्या, आणि तसाच राहिला.

“मी माप सांगणार नाही, ताई,” त्या म्हणाल्या.

आई हसली. “का हो? सेल्समनला कमिशन मिळेल म्हणून?”

सिस्टरनी हातातला पेला पुसला आणि पिशवीत ठेवला. मग आईचा पेला मागितला, तोही पुसला, आणि तो मात्र परत आईच्याच हातात दिला. आईच्या गालाला एकदा हात लावला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. आणि त्या दुकानाबाहेर पडल्या. जातानाही त्यांनी चाल बदलली नाही. काचेतून बराच वेळ दिसत होत्या, हळूहळू, सिग्नलपर्यंत.

“काय झालं त्यांना?” आईने मला विचारलं. “मी काही लागेल असं बोलले का?”

मी मानेनेच नाही म्हटलं.

“चमत्कारिक आहेत.” ती पुन्हा आरशाकडे वळली. पण आता ती कोटाकडे बघत नव्हती, आरशात माझ्याकडे बघत होती. सेल्समन दुसरा हँगर घेऊन जवळ आला आणि आमच्याकडे बघून मागे सरकला. “मग तू सांग. मीडियम की लार्ज? सांगलीलाही उपयोगी पडेल, पहाटे गारठा असतो तिथे. दिवाळीला हाच घालून जाईन मी.”

ती थांबली होती. घाई करत नव्हती. बाबा नव्हते, काकू नव्हत्या. नेहमीचे शब्द माझ्या तोंडाशी होते, ओके, लेटर, आणि त्यातला कुठलाही चालला असता. तिने तो घेतला असता आणि कोटाचे पैसे दिले असते. मी तिच्या हातातून कोट घेतला आणि परत दांडीवर टांगला.

“दिवाळीपर्यंत तू नसशील, आई,” मी म्हणाले. “मावशीकडे आत्ता जाऊ या.”